ये वर

"मी पाय उचलला नव्हता," ताई म्हणाली. तेवढंच. आवाज चढला नाही, कपाळाला आठी पडली नाही. ती गाडीतून उतरली, चपला सरकवल्या आणि हात धुवायला आत निघून गेली. आम्ही दोघं ब्रेकमधली हवा काढत होतो, मी पुढच्या चाकाशी उकिडवा बसलेला. एका हातात रिंग पाना, दुसऱ्या हातात पारदर्शक नळी, आणि समोर बाटलीत तळाशी जमलेलं फिकट पिवळं ऑइल. मिनिटभरापूर्वीच मी तिला म्हणालो होतो, "ताई, तू पाय आधी उचलतेस, म्हणून हवा परत आत जातेय. जरा लक्ष दे ना." त्यातलं ते "जरा लक्ष दे ना" मला पुढचे अकरा दिवस खात राहिलं.

गाडी बाबांची. 1967 ची एमजीबी, उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार. इतकी बुटकी, की दारातून हात खाली सोडला तर बोटं जवळजवळ जमिनीला टेकतात. बाबांचे गुडघे आता तिच्यात बसू देतात, उठू देत नाहीत, म्हणून त्यांनी किल्ली आमच्या दोघांच्या समोर टेबलावर ठेवली आणि "तुमची तुम्ही बघा" म्हणाले. सहा वर्षं ती एका जागी उभी होती. मी पहिल्यांदा आत बसून ब्रेकवर पाय ठेवला तेव्हा पेडल सावकाश, जराही विरोध न करता, विहिरीत पोहरा उतरावा तसं तळापर्यंत गेलं आणि तिथेच राहिलं. इंजिन बंद पडलं तर गाडी नुसती उभी राहते. ब्रेक गेला तर ती उभी राहत नाही. आणि या गाडीत सगळी मदार एकाच सर्किटवर आहे. पेडलने दाबला जाणारा एक मास्टर सिलिंडर, त्यातून निघालेली एक नळी, पुढे तिलाच फाटे फुटून चार चाकं. नंतरच्या गाड्यांत दोन वेगळी सर्किट आली, एक फुटलं तर दुसरं निदान थोडं तरी धरतं. इथे कुठेही एक होज, म्हणजे रबरी नळी, फुटला तर चारही चाकं गेली, उरतो फक्त केबलवर चालणारा हँडब्रेक. बूस्टरही नाही. तुमच्या पायात जेवढा जोर, तेवढाच ब्रेक.

म्हणून सगळंच उघडायचं ठरवलं. पुढे डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी थाळी, जिला कॅलिपरमधले पिस्टन दोन्ही बाजूंनी पॅड दाबतात. मागे ड्रम, ज्यात व्हील सिलिंडर आतून शू पसरवतो. मागचे ड्रम काढले तेव्हा आत काळी भुकटी साचलेली होती, आणि बाबांनी लहानपणीच बजावून ठेवलेलं आठवलं: ही फुंकायची नाही, हवा मारायची नाही, ओल्या फडक्याने टिपायची. शूवरच्या घासणाऱ्या पट्टीत, म्हणजे लायनरमध्ये, पूर्वी अॅस्बेस्टॉस असायचं, ती धूळ छातीत जाऊन बसते. मागचा एक व्हील सिलिंडर पाझरत होता आणि त्या बाजूचे लायनर ऑइल पिऊन काळेशार झाले होते. ते धुऊन उपयोग नसतो, बदलावेच लागतात. पुढे उजव्या कॅलिपरचा एक पिस्टन पार जॅम. तो काढायला कॅलिपरच्या होजच्या भोकातून थोडी थोडी हवा सोडावी लागते, आणि समोर लाकडाचा तुकडा धरावा लागतो, बोटं कधीच नाही. बराच वेळ काही होत नाही. मग एकदम धाडकन आवाज होतो आणि पिस्टन लाकडावर येऊन आदळतो. माझ्या हातातला पिस्टन एका बाजूने आरशासारखा लखलखीत होता आणि दुसऱ्या बाजूने गंजाने चरलेला, देवीचे व्रण असावेत तसा.

त्याच्या घरात, सिलिंडरच्या भिंतीत, एक खाच असते आणि त्या खाचेत रबराचं चौकोनी काठाचं सील. हे सील मला या सगळ्या यंत्रणेतलं सर्वांत सुंदर काम करणारं वाटतं. आपण ब्रेक दाबतो तेव्हा पिस्टन पुढे सरकतो, सील त्याला घट्ट चिकटून असतं, म्हणून त्याच्याबरोबर किंचित तिरपं होतं. पाय काढला की ते रबर पुन्हा सरळ होतं आणि जाता जाता पिस्टनला केसभर मागे ओढून घेतं. डिस्क ब्रेकला मागे खेचणारी वेगळी स्प्रिंग नाही. पॅड डिस्कपासून सुटतो तो या एका रबराच्या ताठपणामुळे. रबर कडक झालं, किंवा खाचेत गंज साचला, की पॅड सुटत नाही, चाक ओढ धरतं, डिस्क तापत राहते. जुने होज पाइपही असाच खेळ करतात. बाहेरून धडधाकट, आतून फुगून भोक बुजलेलं. पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं, पण परत यायला जोर नसतो, म्हणून ते तिथेच अडकतं. मी काढलेला एक होज उजेडासमोर धरला तर पलीकडचा उजेड दिसेना.

आपण सगळे त्याला ब्रेक ऑइल म्हणतो. मीही म्हणतो, बाबाही म्हणायचे. पण ते तेल नाही. खरं तेल, इंजिनातलं वगैरे, चुकून त्या डब्यात गेलं तर सगळी सील फुगून लिबलिबीत होतात आणि सगळंच पुन्हा उघडावं लागतं. हे असतं ग्लायकॉलचं, आणि त्याला पाण्याची भूक असते. हवेतली ओल ते शोषत राहतं. डबा बंद असला तरी होजच्या रबरातून, झाकणाच्या फटीतून, वर्षानुवर्षं. डॉट 4 प्रतीचं ऑइल कोरं असताना निदान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं की हीच हमी 155 अंशांवर येते. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवला तर कॅलिपरशी तेवढी उष्णता सहज साठते. ऑइल उकळलं की वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. ऑइल दाबलं जात नाही, म्हणून तर पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. चार चाकांना हायड्रॉलिक ब्रेक असलेली गाडी विक्रीला आली ती 1921 मध्ये, अमेरिकेत, ड्यूसेनबर्ग कंपनीची. त्याआधी सळया आणि केबल. चारही चाकांना सारखाच ताण मिळावा म्हणून त्या सतत जुळवत बसावं लागे. द्रवाला ते शिकवावं लागत नाही. त्याच्यावरचा दाब सगळीकडे सारखा पोचतो, फक्त त्यात हवा नको. वाटाण्याएवढा बुडबुडा पुरतो. पॅड डिस्कला टेकायला मिलिमीटरचा लहानसा अंश सरकावा लागतो, आणि तेवढी हालचाल तो एक बुडबुडा स्वतःच गिळून टाकतो.

तो बुडबुडा बाहेर काढायला दोन माणसं लागतात.

एक जण पेडलवर, एक जण चाकाशी. हल्ली एकट्याने करायची साधनं मिळतात, दाबाची, ओढून घ्यायची. ती वाईट नाहीत. पण आमच्या घरात हे काम कायम दोघांचंच होतं, आणि खरं म्हणजे तिघांचं. बाबा चाकाशी, ताई पेडलवर, आणि मी बाबांच्या बाजूला पाने देत. ताई तेव्हा बारा वर्षांची, मी नऊचा. तिचा पाय पेडलपर्यंत नीट पोचत नसे, म्हणून बाबा तिच्या पाठीमागे घडी घातलेलं पांघरूण ठेवायचे. मग ती सीटच्या पुढच्या कडेवर येऊन बसायची, दोन्ही हातांनी ते मोठं, बारीक कड्याचं स्टिअरिंग धरून. बाबा सांगायचे, "दाब." ती दाबायची आणि ओरडायची, "धरलं!" तेव्हा बाबा चाकाशी असलेलं निपल, म्हणजे हवा काढायचा पोकळ स्क्रू, अर्धा फेरा सैल करायचे, नळीतून ऑइल उसळायचं, पेडल एकदम खाली जायचं आणि आतून आवाज यायचा: टक. तो आवाज लाकडाचा. पेडलच्या मागे बाबा लाकडाचा एक ठोकळा ठेवायचे, म्हणजे पेडल अगदी तळाला जाणार नाही. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये पिस्टन रोज जेवढा सरकतो तेवढाच भाग गुळगुळीत राहतो, पुढच्या न वापरलेल्या भागात गंजाची कड तयार होते. हवा काढताना पेडल तळापर्यंत दामटलं की रबराचा कप त्या कडेवरून घासून फाटतो, आणि कालपर्यंत चाललेला मास्टर त्या दुपारी मरतो. टक ऐकलं की बाबा निपल आवळायचे आणि म्हणायचे, "बंद." आणि मग, एक श्वास थांबून, "ये वर."

"सोड" ते कधीच म्हणायचे नाहीत. मला हे खूप उशिरा कळलं. "सोड" म्हटलं तर कुणी काय सोडायचं? पेडलवरच्याला वाटतं पाय सोडायचा, चाकाशी बसलेल्याच्या मनात असतं निपल सोडायचं. दोघं एकमेकांना दिसत नाहीत, मध्ये पत्रा आहे, चाकाची कमान आहे, आणि निपल उघडं असताना पाय वर आला तर मास्टर मागे ओढला जातो आणि हवा नळीतून नाहीतर निपलच्या आट्यांतून आत शिरते. सगळी मेहनत वाया. म्हणून बाबांनी पेडलवरच्या माणसासाठी वेगळे शब्द ठेवले होते: दाब, आणि ये वर. पान्याच्या माणसाने स्वतःशी म्हणायचे शब्द वेगळे: उघडलं, बंद. त्यात गल्लत व्हायला जागाच नव्हती.

बाबा काम करता करता शर्यतींच्या गोष्टी सांगायचे. 1952 साली रॅंसच्या शर्यतीत स्टर्लिंग मॉस डिस्क ब्रेकवाली जॅग्वार सी-टाइप घेऊन जिंकला. पुढच्या वर्षी, 1953 मध्ये, ले मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी तीच जात जिंकवली, ताशी सुमारे 170 किलोमीटरच्या सरासरीने. त्याआधी तिथे कुणी ताशी 100 मैलांची, म्हणजे सुमारे 161 किलोमीटरची, सरासरी गाठली नव्हती. बाकीच्यांचे ड्रम तापून ब्रेक विरत जायचे, त्यांना लांब सरळ रस्त्याच्या शेवटी आधीच वेग कमी करावा लागायचा. जॅग्वारचे चालक त्यांच्या पुढे जाऊन, उशिरा ब्रेक मारून वळायचे. "जो जास्त वेगाने धावतो तो नाही जिंकला," बाबा म्हणायचे, "जो उशिरापर्यंत ब्रेकवर विसंबू शकला तो जिंकला." वेग दुप्पट झाला की जिरवायची ऊर्जा चौपट होते, आणि ती सगळी उष्णता होऊन त्या चार ठिकाणांतूनच बाहेर पडायची असते, हेही तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. मग 1959 मध्ये एमजीबीच्या आधीच्या एमजीए 1600 ला पुढे डिस्क आल्या आणि 1962 मध्ये एमजीबी जन्मालाच डिस्क घेऊन आली. या गोष्टी बाबा मला सांगतायत असं मला वाटायचं. मी त्यांच्या शेजारी बसलेला, त्यांचं तोंड माझ्याकडे. ताई आत होती, पत्र्यापलीकडे.

त्या मांडणीबद्दल मी कधी विचारच केला नव्हता. मी पाने द्यायचो, मग दहा-अकरा वर्षांचा झाल्यावर बाबांनी माझ्या हातात पाना दिला आणि निपल कसं उघडायचं ते दाखवलं. रिंग पाना बसवायचा, उघड्या तोंडाचा नाही, नाहीतर कोपरे झिजतात. नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडलेलं हवं. ताई पेडलवरच राहिली. पंधरा वर्षांची झाली, सतराची झाली, पाठीमागचं पांघरूण गेलं, ती तिथेच. तिला कुणी विचारलं नाही. मुद्दाम कुणी ठरवलंही नाही. बाबा प्रेमळ माणूस आहेत आणि त्यांना आजही विचारलं तर ते मनापासून सांगतील की ताईचा पाय फार चांगला होता, तिच्यासारखं पेडल कुणी धरत नसे. ते खरंच आहे. आणि तरीही ते पुरेसं नाही, हे मला या वर्षी, या वयात, फरशीवर पाना घेऊन बसल्यावर लक्षात आलं.

तर त्या दिवशी. मास्टर सिलिंडरच्या आतली भिंत चरलेली निघाली होती, म्हणून तो नवाच बसवला होता. व्हील सिलिंडर नवे, होज नवे, कॅलिपरना नवे पिस्टन आणि नवी सील. ताई सकाळीच आली होती. तिने हत्यारांच्या पेटीत हात घालून बाबांचा तो लाकडी ठोकळा नेमका शोधून काढला, एका बाजूला पेडलचा खड्डा पडलेला. "हा ठेवू ना?" मी म्हणालो, "मास्टर नवा आहे, गरज नाही." तांत्रिकदृष्ट्या मी बरोबर होतो. मास्टरपासून सर्वांत लांबचं चाक आधी, म्हणजे मागचं डावं, मग मागचं उजवं, मग पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं, चालकाच्या पायाजवळचं. प्रत्येक चाकाला आठ-दहा वेळा. मधूनमधून उठून बॉनेटखालचा डबा बघायचा. या गाडीला तो पत्र्याचा आणि लहान, बाहेरून पातळी दिसत नाही, आणि तो एकदा रिकामा झाला की मास्टरच हवा ओढतो आणि सगळं पहिल्यापासून. ऑइल सांडलं तर ताबडतोब पाणी, कारण रंग फोडासारखा उचलून येतो. हे सगळं मी नीट केलं. लिटरभर ऑइल गेलं. मागच्या चाकांतून आधी करडी फुसफुस, मग फेस, मग स्वच्छ धार. पुढच्या चाकांतून लगेच स्वच्छ धार. मला बरं वाटलं.

पेडल मात्र मऊच. ताई आतून म्हणाली, "पहिल्या दाबाला खाली जातं, दुसऱ्याला वर येतं. पण घट्ट नाही रे. उशीवर पाय ठेवल्यासारखं."

यातला मी अर्धाच भाग ऐकला. पहिल्या दाबाला खाली, दुसऱ्याला वर, म्हणजे मागचे शू ड्रमपासून लांब आहेत. मागे बॅकप्लेटवर, म्हणजे ड्रममागच्या पत्र्यावर, चौकोनी डोक्याचा अॅडजस्टर असतो, तो चाक अडेपर्यंत आवळायचा आणि मोकळं फिरेल एवढा मागे घ्यायचा. तो मी विसरलो होतो, ते केलं, पेडल बरंच वर आलं. मी खूश. ताई म्हणाली, "वर आलं. पण तसंच आहे." पेडल खोल जाणं आणि पेडल मऊ असणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिलीत अंतर असतं, दुसरीत हवा असते. ती तिला पायाने कळत होती, आणि ती अगदी नेमक्या शब्दांत मला सांगत होती. मी पुन्हा पुढच्या चाकाशी बसलो, पुन्हा दाब, पुन्हा धरलं, पुन्हा स्वच्छ धार, पुन्हा मऊ. ऑइल स्वच्छ येतंय, सगळे सुटे भाग नवे आहेत, सांधे कोरडे आहेत. मला दिसत असलेलं सगळं बरोबर होतं. मग चूक मला न दिसणाऱ्या ठिकाणी असणार. आणि मला न दिसणाऱ्या ठिकाणी ताई होती.

पुढचे दिवस मी गाडीकडे गेलो नाही. ताईचा एकदा फोन आला, दुसऱ्याच कामाचा, ती नेहमीसारखीच बोलली. त्यामुळे आणखीच अवघड झालं. झोपताना मनात एकच फिरत राहायचं. तिने पाय उचलला असता तर मला नळीत दिसलं असतं. नळीचं टोक ऑइलमध्ये होतं, पाय आधी वर आला असता तर नळीतलं ऑइल मागे सरकताना दिसलं असतं, एकदा तरी. मी तिथेच बघत होतो. ते एकदाही मागे सरकलं नव्हतं. म्हणजे तिला बोलताना, त्या क्षणी, माझ्याच डोळ्यांसमोर तिच्या बाजूचा पुरावा होता.

अकराव्या दिवशी सकाळी चाक काढून बॅटरी घेऊन पुढच्या उजव्या कॅलिपरसमोर मांडी घालून बसलो. काही दुरुस्त करायला नाही, नुसतं बघायला. होज, तांब्याचा वॉशर, दोन बोल्ट, पॅड. आणि निपल. निपल खालच्या बाजूला होतं. कॅलिपरच्या बुडाशी, जमिनीकडे तोंड करून. उठून डाव्या चाकाशी गेलो. तिथेही खाली. मी दोन्ही कॅलिपर अदलाबदल करून बसवले होते. उजवा डावीकडे, डावा उजवीकडे. ते दोन्ही बाजूंना बसतात, बोल्ट जुळतात, डिस्क जुळते, कुठे काही अडत नाही. फक्त उजवा डावीकडे गेला की जे तोंड माथ्यावर असायला हवं ते तळाशी जातं. हवा हलकी, ती कॅलिपरच्या वरच्या कोपऱ्यात जाऊन बसते. मी खालून नळ उघडत होतो आणि टाकीच्या तळाचं स्वच्छ ऑइल काढत होतो, कितीही लिटर काढलं असतं तरी हवा वरच राहिली असती. काढताना मी दोन्हींवर खडूने खूण केली होती, "उ" आणि "डा". मग दोन्ही घासून धुतले, रंगवले, शेजारी शेजारी वाळत ठेवले. धुताना खडू गेला. इतकं साधं.

फोन केला. "ताई, कॅलिपर मी उलटे बसवलेत. तुझा पाय बरोबर होता." पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग ती म्हणाली, "मला माहीत होतं पाय बरोबर आहे ते. कॅलिपरचं नव्हतं माहीत." मी म्हणालो, मी तसं बोलायला नको होतं. ती म्हणाली, "हो, नको होतं." तिने ते हसण्यावारी नेलं नाही, याचं मला फार बरं वाटलं. मग मी विचारलं, येशील का पुन्हा. आणि विचारता विचारता म्हणालो, "या वेळी तू चाकाशी बस. मी पेडलवर."

कॅलिपर तिच्यासमोरच बदलले. होज सोडवताना मी दाखवलं, आधी पत्र्याकडच्या बाजूची नळी मोकळी करायची, म्हणजे होजला पीळ बसत नाही. तांब्याचे वॉशर नवे टाकले, ते एकदा दबले की दुसऱ्यांदा भरवशाचे नसतात. तिने दोन्ही निपलवर बोट ठेवून ती वर असल्याची खात्री केली. मग ठोकळा आणला आणि पेडलच्या मागे स्वतः ठेवला. मी काही बोललो नाही.

आत बसलो आणि पहिल्यांदा कळलं की तिथून काहीच दिसत नाही. समोर डॅशबोर्डचे काळे गोल, बॉनेटचा लांब पत्रा, भिंत. चाकाशी माणूस आहे हे फक्त आवाजावरून. "दाब," ताई म्हणाली, आणि तो बाबांचाच सूर होता, तंतोतंत. दाबलं. "धरलं." मग काही क्षण शांतता, आणि त्या शांततेत पायाला वाट बघावी लागते, मांडी आवळून. मग पायाखालचा आधार एकदम निघून जातो. अंधारात शेवटची पायरी चुकावी तसं पोटात होतं, आणि पाय आपोआप मागे येऊ बघतो. शरीरच म्हणतं, उचल. टक झालं आणि माझा पाय इंचभर वर आलाच. ताईच्या बाजूने नळीत ऑइल मागे सरकल्याचा बारीक गुळगुळ आवाज आला. तिने ते पाहिलं असणार. "परत," ती म्हणाली. एवढंच म्हणाली. अशा धरण्याचे तिने लहानपणापासून किती फेरे केले असतील, आणि एकदाही नळीतलं ऑइल मागे आलेलं मला आठवत नाही.

मागची दोन चाकं झाल्यावर विसावा घेतला. मी विचारलं, कंटाळा यायचा का तिला, तेव्हा. ती फरशीवर बसून नळी पुसत होती. "यायचा. राग पण यायचा, तुला पाना दिला तेव्हा जास्तच." मग थोड्या वेळाने, "पण मी गाडी चालवायचे ना आत बसून. बाबा ले मांचं सांगायचे, ते मला सगळं ऐकू यायचं. दोन चाकांच्या मध्ये मी चार-पाच फेऱ्या मारून यायचे. त्या सरळ रस्त्याच्या शेवटी सगळ्यांच्या नंतर ब्रेक मारायचे." मला वाटत आलं होतं ती गोष्ट माझी आहे. गाडीत, स्टिअरिंग धरून, ब्रेकवर पाय ठेवून ती गोष्ट ऐकणारी एकटी तीच होती.

पुढचं डावं. मी दाबलं, धरलं म्हणालो, तिने निपल उघडलं, आणि चाकापाशी फस्सकन आवाज झाला, मग भडभड. "अरे!" ती ओरडली. "अरे, केवढी हवा आहे!" मग बराच वेळ नुसतेच शब्द. दाब. धरलं. टक. बंद. ये वर. मधूनच ती सांगायची, आता फेस येतोय, आता बारीक मोत्यांसारखे एकामागून एक, आता एकच मोठा, थांब, आट्यांपाशी अडकलाय, निघाला, गेला. मला काही दिसत नव्हतं, पण पाय सांगत होता. दर फेऱ्याला पेडल थोडं वर, थोडं कठीण. उजव्या चाकाच्या मध्यावर कधीतरी ते उशीचं दगड झालं. मी पूर्ण जोराने दाबून तीसपर्यंत आकडे मोजले, ते केसभरही खाली सरकलं नाही. डब्यात डोकावून आलो, ऑइल पुरेसं होतं, आणि पेडल सोडताना तळाच्या भोकातून बारीक उसळी येत होती, म्हणजे परतीची वाटही मोकळी.

"झालं ताई. पेडल लागलं."

ती उत्तर देईना. दारातून वाकून बघितलं तर तिने बॅटरी नळीच्या मागे धरली होती आणि डोळे अगदी जवळ नेले होते. नळीत स्वच्छ ऑइल होतं, बुडबुडा एकही नव्हता. पाना अजून निपलवरच.

"दाब," ती म्हणाली.